रिकामी सम

"थांबा, थांबा, थांबा!" एफ्राइनने दोन्ही तळवे काँगा ढोलांवर आपटले आणि कानावरचा हेडफोन खाली ओढला. "मिस्टर हॉलिस, राग मानू नका. पण हे गाणं जिन्यावरून गडगडतंय."

ही तिसरी खेप होती. खोलीत कोणी हसलं नाही. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. लॉनी आपल्या स्टील गिटारच्या तारा फडक्याने पुसायला लागला. त्या तारा त्याने दहा मिनिटांपूर्वीच पुसल्या होत्या.

"गडगडतंय म्हणजे काय?" मी विचारलं.

"जिना उतरताना जमीन आली असं समजून आपण पाय टाकतो ना, आणि अजून एक पायरी उरलेली असते? तसं. तुम्ही जिथे सम समजून पाय टाकताय तिथे सम नाहीच. ती पुढे आहे, एक मात्रा पुढे."

आता मला सांगा, अडतीस वर्षं मी नॅशव्हिलमध्ये बास गिटार वाजवतोय. बासवाल्याचं काम ते काय? सम दाखवायची. गाणारी रडू दे, फिडल भटकू दे, स्टील गिटार आभाळात जाऊ दे. दर आवर्तनाला पहिल्या मात्रेवर मी आपला दाराशी उभा. या, घर इथे आहे. एवढं एकच काम मला येतं. आणि काँगा बडवणारा हा गृहस्थ, जो एरवी शाळेची बस चालवतो आणि जूनमध्ये शाळा बंद म्हणून आमच्यात आलाय, तो मला सांगणार सम कुठे आहे ते?

"सम कागदावर लिहिलीय," मी म्हणालो. "बघ की."

त्या कागदाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे स्वरलिपी वगैरे कोणी लिहीत बसत नाही. गाणाऱ्याने घरी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग एकदा लावायचं, आमच्यातल्या एकाने ते ऐकता ऐकता कागदावर आकडे मांडायचे. एक, चार, पाच, पुन्हा एक. एक आकडा म्हणजे एक आवर्तन, जिथे सम तिथे उभी रेघ, आणि त्या आवर्तनात कुठली कॉर्ड ते त्या आकड्यावरून कळतं. मग त्याच्या प्रती काढून सगळ्यांना वाटायच्या, की दहा मिनिटांत गाणं उभं. आमच्या चमूत तो कागद लिहिणारा मी. तीस वर्षं झाली. दुसऱ्या स्टुडिओतली माणसं फोन करून माझ्या कागदाची प्रत मागतात. हॉलिस प्रुएटच्या कागदात चूक नसते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं.

काचेपलीकडून ट्रेंटचा आवाज आला. हा आमचा निर्माता. ह्याच्या बापाबरोबरही मी काम केलंय, हा तेव्हा टेबलाखाली गाड्या खेळायचा. "कच्चं रेकॉर्डिंग परत ऐकू या का, मिस्टर हॉलिस? फक्त खात्रीसाठी."

खात्रीसाठी! मी मान हलवली.

रेकॉर्डिंग होतं जोसी त्रेव्हिन्योचं. सत्तावीस वर्षांची पोर, टेक्सासच्या अगदी खालच्या टोकाची, जिथे नदी ओलांडली की मेक्सिको. बूट आमचे, टोपी आमची, गळाही अस्सल आमच्या कंट्री गाण्याचा. पण आजी तिकडची, आणि आई काही वर्षं क्युबाच्या लोकांत मायामीला राहिलेली. तिचा हा अल्बम म्हणजे अकरा गाण्यांच्या अकरा तऱ्हा होत्या. एकात अकॉर्डियन, एकात त्रिनिदादचे ते पत्र्याच्या पिंपांचे ढोल, आणि सगळ्यांच्या मधून लॉनीची स्टील गिटार हुंदके देत फिरतेय. पहिली पाच गाणी मी चोख लिहिली होती. हे सहावं. गाण्यात एक बाई इस्त्री करत असते, अशा माणसाचा शर्ट, जो परत येणार नाहीये. असं गाणं मी शंभर वेळा वाजवलं असेल. फक्त त्याचा ठेका क्युबाचा होता.

रेकॉर्डिंग सुरू झालं. मी माझ्या समेवर टाळी दिली. एफ्राइनने त्याच्या समेवर दिली. दोन टाळ्यांत बरोबर एक मात्रेचं अंतर, आणि दोघंही हटायला तयार नाहीत. मग मी कोपऱ्यात बसलेल्या जोसीच्या पायाकडे पाहिलं. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, ती डोळे मिटून ओठातल्या ओठात गात होती, आणि तिच्या बुटाचं टोक एफ्राइनच्या टाळीबरोबर जमिनीवर पडत होतं. गाणं तिचं. विषय संपला.

मी माझा कागद पाहिला. स्वच्छ अक्षर, पट्टीने मारल्यासारख्या रेघा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं एक मात्रा अलीकडे.

"जेवून घेऊ या," ट्रेंट म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "सोमवारी दहा वाजता हेच एक गाणं परत घेऊ. आणि नाहीच बसलं, तर एफ्राइनच्या ओळखीचा एक बासवाला आहे. फक्त ह्या गाण्यापुरता. बाकीच्या दहा गाण्यांत तुम्ही आहातच ना."

"आहेच ना," मी म्हणालो.

जेवायला लॉनी आणि मी कोपऱ्यावरच्या नेहमीच्या जागी गेलो. तळलेला मासा, सलगमचा पाला, मक्याचा पाव. लॉनीबरोबर मी इतकी वर्षं वाजवतोय की त्याच्या दोन्ही बायकांना माझा कंटाळा आला. तो मान खाली घालून जेवत होता, आणि मान खाली घालून जेवणारा लॉनी मी कधी पाहिला नव्हता.

"बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?"

"तुला कधी कळलं?"

त्याने पावाचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला. "पहिल्याच खेपेला वाटलं काहीतरी वाकडं आहे म्हणून."

"पहिल्या खेपेला! अरे, आपण तीन खेपा वाजवलं!"

"हो."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"कागद तू लिहिला होतास, हॉलिस," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच चुकत असेल. आणि ड्रमवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि... आता तुला कोण सांगणार?"

माझ्या हातातला काटा तसाच राहिला. अपमान झाला म्हणून नाही; अपमान काय, धुऊन जातो. मला आठवला ओडेल.

ओडेल माझा मोठा भाऊ, आठ वर्षांनी मोठा. आम्ही लुईसबर्गच्या बाजूचे, गाईगुरांवाले. आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. पेटी नाही, पियानो नाही, काही नाही. देवाने गळा दिलाय, तेवढा पुरे. सगळी मंडळी उभी राहून नुसत्या आवाजावर चार सुरांत गातात, आणि पुढे उभा राहून एकजण उजव्या हाताने ताल दाखवतो. हात खाली पडला की सम. ओडेलने तो हात चाळीस वर्षं चालवला. चर्चचा नियम खरं तर चर्चपुरता; बाकीची मंडळी घरी जाऊन खुशाल रेडिओ लावायची. पण ओडेलने तो स्वतःच्या सगळ्या आयुष्याला लावून घेतला. एकोणिसाव्या वर्षी मी बास गिटार आणली तेव्हा तो ओरडला नाही की भांडला नाही. "ते दाराबाहेर ठेव," एवढंच म्हणाला. पुढे मी इतक्या रेकॉर्डवर वाजवलं, त्यातलं एक गाणंसुद्धा त्याने कधी ऐकलं नाही. माझ्या लग्नात बँड सुरू झाला तेव्हा तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

चार वर्षांपूर्वी चर्चच्या वार्षिक रविवारी, जेव्हा बाहेरगावी गेलेले सगळे परत येतात आणि झाडाखाली टेबलं मांडून जेवणं होतात, मी गेलो होतो. ओडेल पुढे उभा राहिला, हात उचलला, गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यात त्याचा हात चुकला. सम येऊन जायची आणि मग हात खाली पडायचा. मंडळी ऐंशी होती. ऐंशीच्या ऐंशी जणांनी त्याच्या हाताकडे बघत, हाताला न जुमानता, बरोबर तालात ते गाणं पूर्ण केलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटतं आमची माणसं जगातली सगळ्यात सभ्य माणसं आहेत. आणि मी, ज्याचा पोटापाण्याचा धंदाच सम ओळखण्याचा, मी तिसऱ्या बाकाशी उभा राहून ते पाहिलं आणि मनात म्हटलं, दमला असेल. नंतर जेवताना त्याला विचारलं, "बटाट्याचं सॅलड घेतलंस का?" तीन महिन्यांनी त्याला बायकोचं नाव आठवेना. आता तो वृद्धाश्रमात आहे आणि मी कोण ते त्याला माहीत नाही.

तेव्हा लॉनी म्हणाला "तुला कोण सांगणार", आणि मला माझा स्वतःचा हात चुकीच्या जागी पडताना दिसला.

घरी मी काही बोललो नाही. पण व्हर्ना ही माझी बायको आहे, त्रेचाळीस वर्षं. तिने डुकराच्या चॉप वाढल्या, समोर बसली आणि म्हणाली, "आज वार कोणता रे?"

"का?"

"सहज."

"गुरुवार. तारीख अकरा. राष्ट्राध्यक्षाचं नाव सांगू? विसराळू म्हाताऱ्यांना डॉक्टर काढायला लावतात तसं घड्याळ काढून दाखवू कागदावर?"

"ओरडू नकोस. गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवून तू अंगणात पंधरा मिनिटं नुसता उभा होतास, म्हणून विचारलं."

मग मी सांगितलं. कागद, टाळी, जोसीचा बूट, लॉनीचं तोंड, सगळं.

"मग डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"डॉक्टर सांगणार का सम कुठे आहे ते?"

"तुला सम हवीय की डोकं?"

"तेच कळत नाहीये ना, व्हर्ना! ते गाणंच उलटं आहे, की मी उलटा झालोय? गाणं उलटं असेल तर शिकता येईल. आणि मी झालो असेन तर..." तिने माझं ताट उचललं, चॉप तशीच होती, आणि पाठ फिरवून किती तरी वेळ ते एकच ताट धुत राहिली.

शनिवारी सकाळी मी एफ्राइनच्या घरी गेलो, गावाच्या कडेला अँटिओकला. स्वतःहून गेलो, गुपचूप शिकायला. अडतीस वर्षांनंतर शिकवणीला जाताना कसं वाटतं ते विचारू नका. त्याने मला स्वयंपाकघरातच बसवलं, कारण घरातली बाकी जागा नातवंडांनी व्यापलेली. ओट्याशी त्याची सासू उभी होती, डोन्या कार्मिन, वय एक्याऐंशी, उंची माझ्या कोपरापर्यंत. ती हिरव्या केळ्याचे काप तळत होती, थाळीच्या बुडाने चेचत होती आणि परत तळत होती.

एफ्राइनने टेबलावर बोटांनी ठेका धरला. "हे बघा, मिस्टर हॉलिस. कॉर्ड बदलली की तुम्ही रेघ मारता, बरोबर?"

"कॉर्ड समेवरच बदलते."

"तुमच्याकडे. आमच्याकडे बास एक मात्रा आधीच पुढच्या घरात शिरतो. आणि खुद्द समेवर तो गप्प."

"गप्प?"

"गप्प."

"मग समेवर वाजवतं कोण?"

"तसं कोणी नाही."

बोंबला! मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर मी ज्या जागेवर पहारा दिला तिथे ह्या लोकांनी कोणालाच उभं केलेलं नाही, आणि तरी म्हणे घर तिथेच आहे. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. चौथीवर वाजव, पहिलीवर थांब. दोन आवर्तनं जमायचं, तिसऱ्याला चौथी पहिली व्हायची आणि मी परत माझ्या जुन्या गल्लीत. एफ्राइन टाळ्या देऊन देऊन घामाघूम झाला. मध्येच मला वाटायचं, सापडलं. आणि तो मान हलवायचा.

म्हातारीने झारा खाली ठेवला. "हा माणूस मोजतोय," ती एफ्राइनला म्हणाली, जसा मी तिथे नाहीच. "त्याला म्हणावं मोजू नकोस."

"न मोजता कसं वाजवायचं, बाई?" मी म्हणालो.

"बायकोबरोबर चालताना पावलं मोजतोस?"

"नाही."

"ऊठ."

मी उठलो. तिने तेलकट हाताने माझा डावा हात धरला, दुसरा स्वतःच्या पाठीवर ठेवून घेतला, आणि आम्ही फ्रीज ते दार, दार ते फ्रीज असे चाललो. एफ्राइन वाजवत होता. "आता मला ढकल," ती म्हणाली. "हळू! पोतं नाहीये मी. पाऊल पडायच्या आधी ढकल. हां. आणि पाऊल पडतं तेव्हा हात गप्प ठेव. पाऊल माझं आहे. त्यात तू लुडबुड करायची नाहीस. बास म्हणजे हा हात, कळलं का, बाळा?"

सहासष्ट वर्षांच्या बाळाला थोडंसं कळलं. हात कळला. तिच्या चपला लादीवर पडत होत्या तोवर मला सम अगदी दिसत होती. ती परत ओट्याशी गेली की सम पुन्हा गायब.

"सम नाचणाऱ्यांची," ती केळ्याला मीठ लावत म्हणाली. "ती वाजवायची नसते. ती त्यांच्यासाठी ठेवायची असते."

"आणि कोणी नाचतच नसेल तर? स्टुडिओत कोण नाचणार?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की जेवणारं कोणी नसेल तर काय करायचं. "मग वाजवता कशाला?" ती म्हणाली, आणि एक थाळी माझ्यापुढे सरकवली.

सोमवारचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सोमवारी दहाला मी गेलो. कागद मी लिहिला नाही. खिशातली पेन्सिल काढून एफ्राइनच्या हातात दिली. आमचे आकडे त्याला नीट येत नाहीत, त्याचा चार नवासारखा दिसतो आणि दोन ठिकाणी त्याने खाडाखोड केली, पण रेघा जिथे हव्या तिथे होत्या. दुसऱ्या खेपेला गाणं झालं. जोसीने काचेपलीकडून दोन्ही हात वर केले. लॉनी म्हणाला, "म्हाताऱ्या, मेलास असं वाटलं होतं." मी म्हटलं, "पुढच्या वेळी वाटलं तर तोंड उघड." तो अल्बम आला, 'आखातापलीकडे' नाव त्याचं, आणि त्यात सहाव्या गाण्याखाली बासवाला म्हणून माझंच नाव आहे. व्हर्नाने डॉक्टरकडेही नेलं. मी घड्याळ काढून दाखवलं, काटे बरोबर निघाले, आणि डॉक्टर म्हणाला सहा महिन्यांनी परत या. आता ह्यातून माणसाने काय समजायचं ते मला तरी कळलेलं नाही. आजही गाडीत ते गाणं लागलं की पहिल्या दोन ओळी मी हरवलेलाच असतो.

पण तुम्ही म्हणाल, शनिवारी सापडत नव्हती ती सम सोमवारी कशी सापडली? तर मधला रविवार राहिलाय.

रविवारी जेवणानंतर व्हर्ना आणि मी ओडेलला भेटायला जातो. ती केळ्याचं पुडिंग करते, तो ते खातो. त्या रविवारी मी बास गिटार आणि तो बॅटरीवरचा छोटा स्पीकर गाडीत टाकला. व्हर्ना म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "सराव. तुझ्यासमोर करवत नाही, तू माझ्याकडे डॉक्टरसारखी बघतेस." ते खोटं होतं, कारण ती तिथेही समोर असणारच होती. खरं म्हणजे मला ओडेलला काहीतरी सांगायचं होतं आणि रिकाम्या हाताने सांगवत नव्हतं.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. रविवार असल्याने टाय लावलेला. वार त्याला कळत नाही, पण त्या दिवशी टाय लावला नाही तर तो जेवत नाही, असं तिथल्या नर्सने सांगितलं.

"नमस्कार, ब्रदर," तो मला म्हणाला. चर्चमध्ये आम्ही सगळ्यांनाच ब्रदर म्हणतो. "लांबून आलात?"

"नॅशव्हिलहून."

"बराच लांब पल्ला. पाणी घ्याल?"

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "ओडेल, त्या वार्षिक रविवारी तुझा हात चुकला होता. मी पाहिलं. मला कळलं होतं. मी बोललो नाही, सॅलडचं विचारलं."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बटाट्याचं?" त्याने विचारलं.

"हो."

"चांगलं असतं ते," तो म्हणाला.

व्हर्ना पलंगाच्या कडेला बसली होती, ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी उठलो, पट्टा गळ्यात घातला. मी उभ्यानेच वाजवतो, बसून मला जमत नाही. स्पीकर अगदी बारीक केला आणि इस्त्रीवालीच्या गाण्याचा बास सुरू केला. एकटा. ढकल, थांब. ढकल, थांब. चौथ्या आवर्तनात नेहमीप्रमाणे घसरलो. परत सुरू केलं. परत घसरलो. समोर कोणी चालत नव्हतं, चपला वाजत नव्हत्या, आणि मी कोणासाठी जागा ठेवतोय तेच समजेना.

तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा ओडेलचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला.

खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. चाळीस वर्षांचा तो हात. वाळलेला, डाग पडलेला, पण मनगट तसंच ताठ. मी वाजवून गप्प झालो की तो खाली पडायचा. बरोबर त्या मोकळ्या जागेत. मी ढकलत होतो आणि तो पाऊल टाकत होता. एकदा नाही, दोनदा नाही, सगळं गाणंभर. आता हे बरोबर होतं, की चार वर्षांपूर्वी जसा त्याचा हात उशिरा पडायचा तसाच आजही चुकून पडत होता आणि नेमकं हे गाणंच तसं होतं? मी खूप विचार केलाय ह्यावर. मला माहीत नाही. तेव्हा एवढंच कळत होतं की त्या हाताकडे बघत राहिलो तर मी पडत नाही.

आणि दुसरंही एक कळत होतं. भानावर असता तर तो खोलीबाहेर निघून गेला असता. गाडीत जाऊन बसला असता. माझ्या वाजवण्यावर माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा हात धरला, तो मी कोण आणि हे हातातलं काय, हे दोन्ही विसरल्यामुळे. माझे डोळे भरून आले, पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटच्या ओळीला त्याने हात वर नेला, क्षणभर तसाच धरला आणि मूठ मिटली. गाणं संपलं की गाणं चालवणारा असंच करतो. मी तिथल्या तिथे तारा दाबल्या. त्याने खोलीभर नजर फिरवली. पलंगावरून, कपाटावरून, भिंतीवरून, जशी ऐंशी माणसं समोर होती.

"बसून घ्या," तो म्हणाला. तोच आवाज, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

व्हर्ना बसलेलीच होती. उभा असा मी एकटाच होतो. मी पट्टा गळ्यातून काढला, बास पलंगाला टेकवून ठेवली, आणि बसलो.